भिरंडाचा जीनोम: कुळागरापासून डेटापर्यंत, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोव्यात भिरंड, म्हणजे कोकम, म्हटलं की सोलं आठवतात, आगळ आठवतो, कढी आठवते. बी मात्र बहुतेक ठिकाणी उकिरड्यावर जाते. जी घरं ती टाकत नाहीत ती वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात आणि थंड झाल्यावर वर साचलेला मेणासारखा थर काढून त्याचे गोळे वळतात. हेच भिरंडेल, टाचांच्या भेगांचं घरगुती औषध. बीत साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश तेल असतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल आणि उरलेलं बहुतेक ओलेइक. म्हणून ते ताटात घट्ट राहतं आणि ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. कोको बटरशी या गुणाचं इतकं जवळचं नातं आहे की युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात ज्या सहा वनस्पती चरब्या ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकम आहे. तरीही तेलबी म्हणून या झाडाची निवड-पैदास फारशी झालेली नाही. कारण सोपं आहे: रोप मादी आहे की नर हे कळायलाच सात-आठ वर्षं जातात.

इथेच जनुकीय साधनं उपयोगी पडतात. साधनं म्हणजे फक्त एक जीनोम (झाडाचा संपूर्ण डीएनए) नव्हे. ओळख पटलेली आणि टॅग लावलेली झाडं, एक चांगला संदर्भ जीनोम (बाकीची झाडं ज्याच्याशी ताडून पाहायची तो), बी तयार होतानाच्या आरएनएचा संच आणि झाडाझाडांतला फरक दाखवणारे मार्कर, हे चार मिळून साधन होतं. नवखे लोक यातल्या दुसऱ्यापासून, म्हणजे जीनोमपासून, सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचून घेणं) पैसे देऊन होतं, चुकीच्या झाडाचं सिक्वेन्सिंगही तितक्याच पैशांत होतं.

आधी झाड ठरवा

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे फुलोऱ्यात सुरू करा. या दिवसांत झाडाचं लिंग डोळ्यांनी कळतं, एरवी नाही. नर फुलं झुबक्याने येतात आणि मधोमध पुंकेसरांची दाट गोळी दिसते. मादी फूल बहुधा एकटं असतं. त्यात फुगीर अंडाशय असतं, त्यावर देठाशिवाय बसलेली खंडित कुक्षी आणि बाजूला नावापुरते, वांझ पुंकेसर. हातभिंगाने एका झाडाची निदान दहा फुलं पाहा, वेगवेगळ्या फांद्यांवरची. काही झाडांवर दोन्ही प्रकारची किंवा उभयलिंगी फुलं सापडतात. अशा झाडाला ‘मादी’ असं लिहून टाकलं की पुढे लिंगाचा मार्कर कधीच नीट जुळत नाही. वहीत नर, मादी, मिश्र आणि ‘पाहिलं नाही’ असे चार पर्याय ठेवा.

भाटकाराला (बागेच्या मालकाला) विचारणं फायद्याचं असतं, पण प्रश्न नेमका हवा. ‘हे झाड नर आहे का?’ असं विचारू नका. ‘याला फळं धरतात का, दरवर्षी धरतात का, सोलं जाड निघतात का, बी किती मोठी?’ असं विचारा. फळ न धरणारी झाडं पुष्कळदा तोडली जातात. त्यामुळे कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) नर कमी मिळतील. ते सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानकडेला शोधावे लागतात.

रानात दुसरी अडचण येते. भिरंड गार्सिनिया कुळीतलं, आणि पश्चिम घाटात गार्सिनियाच्या इतर जातीही आहेत, गार्सिनिया गमी-गट्टा, गार्सिनिया टालबोटी, गार्सिनिया झँथोकायमस. पानं सगळ्यांचीच चकचकीत, फांदी मोडली की चीक सगळ्यांनाच. म्हणून प्रत्येक झाडाची फुलासहित एक फांदी दाबून वाळवा आणि विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह जमा करा. डीएनएच्या ट्यूबवर, वाळवलेल्या फांदीवर आणि झाडावरच्या पट्टीवर एकच क्रमांक हवा. तीन वेगवेगळ्या पद्धतीने क्रमांक दिले की महिन्याभरात कोणतं कोणाचं हे कोणालाच सांगता येत नाही.

दाट माडा-पोफळीखाली मोबाइलचा जीपीएस १०-१५ मीटर सहज चुकतो, आणि तेवढ्यात शेजारचं भिरंडाचं झाड येतं. म्हणून जीपीएसवर विसंबून न राहता अ‍ॅल्युमिनिअमची कोरलेली पट्टी खोडाला सैल तारेने बांधा. तारेला दोन-तीन वेढ्यांची स्प्रिंग ठेवा, नाहीतर खोड जाड होताना तार सालीत रुतते. मार्कर पेनाने लिहिलेली प्लास्टिकची पट्टी एका पावसाळ्यात कोरी होते.

संदर्भ जीनोमसाठी एकच झाड निवडायचं असेल तर ज्याची कलमं आधीच आहेत असं मादी झाड घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’सारख्या जातीचं कलम असेल तर उत्तम. मूळ झाड वादळात गेलं तरी तोच जीनोम दुसरीकडे जिवंत राहतो. भिरंडाची बी वाळवून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही, ती लवकर मरते. या पिकाची ‘बँक’ म्हणजे जिवंत झाडंच. जाता जाता: कलमासाठी काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची काडी बांधली की कलमही आडवंच पसरतं.

परवानग्या

खासगी कुळागरात मालकाची लेखी संमती आणि पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कल्पना. वनक्षेत्रात वन खात्याची परवानगी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगावसारख्या अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची. नमुना किंवा डीएनए परदेशी पाठवायचं असेल किंवा भागीदार परदेशी असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी आधी बोला. नवख्यांनी सिक्वेन्सिंग देशातच करून घेतलेलं बरं, फुलोरा परवानगीसाठी थांबत नाही.

पानं

नवी तांबूस, लुसलुशीत पालवी घ्या. जून पानात चीक, मेण आणि पिष्ट (स्टार्च) जास्त असतं. पान तोडण्याआधी दोन्ही बाजू ओल्या कापसाने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत पानावर काळी बुरशी, शेवाळ आणि कधी दगडफुलाचे ठिपकेही असतात. ते तसेच गेले तर त्यांचा डीएनएही तुमच्या जीनोममध्ये बसतो.

मार्करच्या कामासाठी पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये वाळवा. जेल पानाच्या वजनाच्या निदान दहापट, म्हणजे १ ग्रॅम पानाला १० ग्रॅम. पान चोवीस तासांत कुरकुरीत झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते अजून वाकत असेल तर जेल बदला. हळूहळू वाळणाऱ्या पानात डीएनएचे तुकडे पडत राहतात. पावसाळ्यात रंग बदलणारे थोडे दाणे प्रत्येक पिशवीत टाका म्हणजे जेल संपल्याचं कळतं.

संदर्भ जीनोमसाठी वाळलेलं पान चालत नाही. पालवी झाडावरून काढून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांत. कुंडीतलं कलम असेल तर पालवी काढण्याआधी ते दोन दिवस पूर्ण काळोखात ठेवा. पानातलं पिष्ट खर्च होतं आणि पुढचा निम्मा त्रास वाचतो.

डीएनए: सगळ्यांत जास्त वेळ इथे जाईल

भिरंडाचं पान तीन बाजूंनी त्रास देतं. पॉलिफेनॉल हवेत तपकिरी होऊन डीएनएला कायमचे चिकटतात. बहुशर्करा डीएनएबरोबरच खाली बसतात आणि तळाशी जमणारी डीएनएची गोळी जेलीसारखी होते. आणि पानातली आम्लं बफरचा पीएच खाली ओढतात. ही पालवी चाखून पाहिली तर आंबट लागते, तेच ट्यूबमध्येही घडतं. म्हणून साधं किट पहिल्याच दिवशी हात टेकतं. दोन टप्प्यांची पद्धत करा.

धुण्याचं द्रावण, १०० मिलीलिटर: सॉर्बिटॉल ६.४ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलीलिटर, ०.५ मोलर ईडीटीए १ मिलीलिटर, पीव्हीपी-४० १ ग्रॅम. वापरताना दर मिलीलिटरला १० मायक्रोलिटर मर्कॅप्टोइथेनॉल.

सीटॅब (CTAB, पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) बफर, १०० मिलीलिटर: सीटॅब २ ग्रॅम, मीठ ११.७ ग्रॅम (म्हणजे २ मोलर, नेहमीच्या कृतीतलं १.४ मोलर इथे कमी पडतं), १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलीलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ४ मिलीलिटर, पीव्हीपी-४० २ ग्रॅम. यातही मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी, दर मिलीलिटरला १० मायक्रोलिटर. आदल्या दिवशी घालून ठेवलेलं निकामी होतं. त्याच्या वासावरून अंदाज बांधू नका, वास नंतरही येतच राहतो. हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटात करा.

१. १०० मिलीग्रॅम गोठलेलं पान (वाळलेलं असेल तर २० मिलीग्रॅम) द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखं दळा. पूड हिरवट-पांढरी दिसली पाहिजे. काळपट झाली म्हणजे मध्येच वितळली, ती टाका.

२. पुडीत १ मिलीलिटर धुण्याचं द्रावण घालून हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० जीवर (g, गुरुत्वाच्या इतक्या पट) ५ मिनिटं फिरवा, वरचं ओता. वरचं पाणी चिकट आणि गढूळ निघेल. ते पाण्यासारखं पातळ होईपर्यंत पुन्हा धुवा, बहुधा दोन ते तीन वेळा. कंटाळून एकदाच धुणारे लोक पुढे दोन दिवस गमावतात.

३. ६५ अंशांना तापवलेला सीटॅब बफर ७०० मायक्रोलिटर घाला. ६५ अंशांत ४५ मिनिटं ठेवा, दर दहा मिनिटांनी ट्यूब सावकाश उलटी-सुलटी करा. पहिल्या नमुन्याचा एक थेंब पीएच कागदावर घेऊन पाहा, ७.५ च्या खाली असेल तर पान कमी घ्या.

४. तेवढंच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलचं मिश्रण (२४:१) घालून १० मिनिटं हलक्या हाताने हलवा, १२,००० जीवर १० मिनिटं फिरवा. चिकाचा पिवळा रंग खालच्या थरात जातो. मधल्या पांढऱ्या पडद्याला पिपेट लागू देऊ नका. वरचे शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून द्यायची तयारी ठेवा. पुन्हा एकदा हेच.

५. आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांत ३० मिनिटं. मग ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. रात्रभर उणे २० अंशांत ठेवण्याचा मोह टाळा, थंडीत बहुशर्कराही खाली येतात.

६. फिरवून गोळी ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. हवेत वाळवा, पण कडकडीत नको. ५० मायक्रोलिटर ट्रिस बफरमध्ये विरघळवा.

गोळी पांढरी आणि चपटी हवी. तपकिरी असेल तर पॉलिफेनॉल चिकटले आहेत. ती शुद्ध करत बसण्यापेक्षा पान पुन्हा दळा. काचेसारखी पारदर्शक, फुगीर आणि विरघळायला नाराज गोळी म्हणजे बहुशर्करा. असा नमुना डीएनए तपासायच्या जेलच्या खाचेत घातला की खाली बसण्याऐवजी वर तरंगून निघून जातो.

मोजणी दोन यंत्रांवर करा. नॅनोड्रॉपवर २६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.० आणि २६०/२३० दोनच्या आसपास हवं. प्रमाण मात्र क्यूबिटवरचंच धरा. नॅनोड्रॉप २०० नॅनोग्रॅम सांगतो आणि क्यूबिट ४०, तर तुमच्याकडे ४०च आहे. बाकीचं आरएनए आणि मळ. लांब तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगसाठी डीएनए कधीही व्हॉर्टेक्सवर धरू नका आणि रुंद तोंडाचीच टिप वापरा. जेलवर तो वरच ठळक दिसायला हवा, खालपर्यंत पसरलेली शेपूट दिसली तर लायब्ररीला (सिक्वेन्सिंगसाठी डीएनएचे तुकडे तयार करण्याला) पाठवू नका.

जीनोम किती मोठा?

हे न मोजता सिक्वेन्सिंगची ऑर्डर देऊ नये. फ्लो सायटोमीटरवर (केंद्रकातला रंगवलेला डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) एक दिवसाचं काम आहे. भिरंडाची पालवी आणि टोमॅटोचं पान (‘स्तुपिके’ जात, केंद्रकात १.९६ पिकोग्रॅम डीएनए) एकाच थंड बफरमध्ये नव्या ब्लेडने एकत्र चिरा, गाळा, आरएनएज आणि प्रोपिडियम आयोडाइड घाला. समजा टोमॅटोचं शिखर २०० वर आणि भिरंडाचं ३०० वर आलं, तर भिरंडाचा आकडा १.९६ × १.५ = २.९४ पिकोग्रॅम. केंद्रकात जीनोमच्या दोन प्रती असतात म्हणून त्याचा अर्धा १.४७, गुणिले ९७.८ कोटी (एका पिकोग्रॅममधली डीएनएची अक्षरं), म्हणजे सुमारे १४४ कोटी अक्षरं. आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजा. दोन्ही वेगळे चिरून मग मोजू नका. पॉलिफेनॉलमुळे रंग कमी बसतो आणि जीनोम खोटा लहान दिसतो.

सिक्वेन्सिंग आणि जोडणी

आधी छोट्या रीडचं (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांचं) ४०-५० पट कव्हरेज घ्या, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तितक्या वेळा वाचलं जाईल, आणि २१ अक्षरांच्या के-मरचा (तेवढ्या लांबीच्या तुकड्यांचा) आलेख जीनोमस्कोप या प्रोग्राममध्ये पाहा. परागण परक्या झाडाकडून होणाऱ्या पिकात बहुधा दोन शिखरं दिसतात. पहिलं शिखर उंच असेल तर आईबापांकडून आलेल्या प्रतींत फरक जास्त आहे. अशा वेळी साध्या जोडणीत दोन्ही प्रती वेगवेगळ्या काँटिग (जोडलेले सलग तुकडे) म्हणून येतात आणि जीनोम दुप्पट फुगतो. दोनापेक्षा जास्त शिखरं दिसली तर बहुगुणिततेचा (गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असण्याचा) विचार करा आणि जाणत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर हायफाय रीड (लांब आणि अचूक) निदान ३० पट, आणि गुणसूत्रांपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच झाडाच्या पानाची हाय-सी लायब्ररी (केंद्रकात जवळ असलेले तुकडे ओळखणारी). ‘त्याच झाडाच्या’ हे शब्द अधोरेखित करून प्रयोगशाळेत लावावेत. जोडणी हायफायझम (hifiasm) या प्रोग्रामने करा, परक्या डीएनएचं मिश्रण शोधायला एफसीएस (FCS), तपासायला बुस्को (BUSCO) आणि मर्क्युरी (Merqury) हे प्रोग्राम. बुस्कोच्या वनस्पतींच्या १,६१४ जनुकांच्या संचात ‘पूर्ण’ ९५ टक्क्यांच्या वर हवं. पण फक्त तेच पाहू नका, ‘दुहेरी’चा आकडाही पाहा. तो चढला असेल तर वर सांगितलेला फुगवटा राहिलाय. हरितलवकाचा जीनोम याच डेटातून फुकट मिळतो. मँगोस्टीनमध्ये, म्हणजे भिरंडाच्या भावंडात, तो सुमारे १ लाख ५८ हजार अक्षरांचा आहे. तुमचा त्याच्या खूप इकडेतिकडे गेला तर जोडणी पुन्हा पाहा.

बी आणि तेल

तेलाची जनुकं बी भरतानाच बोलतात. पिकल्या फळातल्या बीत काम आटोपलेलं असतं. म्हणून फूल उमलल्या दिवशी देठाला दोरा बांधा, तारीख लिहा आणि पुढे दर १५-२० दिवसांनी फळं काढा, मे महिन्यापर्यंत. प्रत्येक टप्प्याला तीन वेगळ्या झाडांची फळं. एकाच झाडाची तीन फळं म्हणजे तीन नमुने नव्हेत. गर आणि साल काढून आतला पांढरा गाभाच गोठवा. गर राहिला तर त्यातली आम्लं आणि साखर आरएनए खराब करतात. भिरंडात बीदळं जवळजवळ नसतातच, साठा मधल्या जाड अक्षात असतो. त्यामुळे ‘बीदळ वेगळं करा’ असं सांगणाऱ्या कृती इथे लागू नाहीत.

आरएनएसाठी सीटॅब आणि लिथियम क्लोराइडची पद्धत धरा. लिथियम क्लोराइड अंतिम २ मोलर, ४ अंशांत रात्रभर. ते आरएनए खाली बसवतं आणि बहुशर्करा बऱ्याच अंशी वरच सोडतं. आरएनएच्या गुणवत्तेचा आकडा (आरआयएन) ७ च्या वर, प्रत्येक नमुन्याला २ ते ३ कोटी रीडच्या जोड्या.

आता कोणती जनुकं पाहायची? लवकात (पेशीतल्या प्लास्टिडमध्ये) १८ कार्बनचं संपृक्त आम्ल, म्हणजे स्टिअरिक, तयार झालं की डीसॅच्युरेज हे एन्झाइम त्यात दुहेरी बंध घालून ओलेइक करतं. भिरंडात स्टिअरिक साठतं, म्हणजे एकतर हे डीसॅच्युरेज मंद आहे किंवा थायोएस्टरेज हे दुसरं एन्झाइम त्याच्याआधीच आम्ल सोडवून घेतं. मँगोस्टीनच्या बीतलं असं फॅट-ए थायोएस्टरेज १९९८ मध्ये कॅनोलात घातलं तेव्हा कॅनोलाच्या तेलात स्टिअरिक अनेक पटींनी वाढलं. शोध तिथून सुरू करा. त्याच बीचा दुसरा तुकडा गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी ठेवा. आम्लांचं प्रमाण माहीत नसलेला आरएनए डेटा तेलाबद्दल काही सांगत नाही.

मार्कर, आणि त्याआधीची एक तपासणी

गार्सिनियात परागणाशिवाय बी धरण्याची सवय आढळते. तशा बीपासून आलेली रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. अशा रोपांवर गुणांचा नकाशा करायला गेलं तर तीन वर्षं जातात आणि हाती काहीच येत नाही. म्हणून आधी एका आईची २० रोपं आणि ८-१० एसएसआर मार्कर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवर आधारलेले) घ्या. सगळी रोपं आईसारखीच निघाली तर त्या झाडाचा नाद सोडा, दुसरं घ्या. फुलांना पिशव्या बांधून फळ धरतं का हेही त्याच हंगामात पाहा.

मग ९६ खाचांच्या प्लेटवर डीडीरॅड (ddRAD, जीनोमचे ठरावीक तुकडेच वाचून फरक शोधायची पद्धत). त्यात ९२ झाडं, तीन नमुने दुबार आणि एक खाच रिकामी. दुबार नमुने एकमेकांशी जुळले नाहीत तर नवे फरक म्हणून दिसणारे बरेच आकडे चुका आहेत. रिकाम्या खाचेत रीड आले तर प्लेट मिसळली आहे. लिंगाचा मार्कर शोधायचा असेल तर खात्रीचे निदान १५ नर आणि १५ मादी घ्या, एका कुळागरातले नव्हे, वेगवेगळ्या गावांतले. एकाच बागेतले नर एकमेकांचे सख्खे भाऊ असू शकतात, आणि मग लिंगाचा म्हणून सापडलेला मार्कर त्या घराण्याचा निघतो. मिश्र फुलांची झाडं या यादीत घालू नका, ती नंतर पडताळणीसाठी ठेवा.

डेटा

कच्चे रीड फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात किंवा एनसीबीआय (NCBI) या अमेरिकी डेटा केंद्रात जमा करा. हे काम लेख लिहून झाल्यावर नव्हे, रीड आल्या आठवड्यात करा. तेव्हा झाडांची वही हाताशी असते. अर्जात झाडाचा क्रमांक, वनस्पतिसंग्रहाचा क्रमांक, तालुका, गोळा केल्याची तारीख, उती आणि लिंग भरा. भाटकाराचं नाव किंवा घराचा पत्ता सार्वजनिक रकान्यात जाऊ देऊ नका, अभयारण्यातल्या झाडाचं ठिकाणही गावापुरतंच ठेवा. लिंगाच्या रकान्यात ‘पाहिलं नाही’ लिहायला लाज वाटू देऊ नका. पुढच्या डिसेंबरात त्या पट्टीपाशी जाऊन फुलं बघता येतात आणि नोंद सुधारता येते.